भुताला जात कोणी दिली?

भूत आहे का नाही हा प्रश्न आता जुना झाला, असं शहाणी माणसं म्हणतात. जुना झाला असता तर बरंच झालं असतं. पण अमावस्येला तिठ्यावर उतारा अजून पडतोच. पोर तापानं फणफणलं की आधी मीठ-मोहऱ्या ओवाळतात, मग दवाखाना आठवतो. आणि आता एक नवीनच टूम निघालीय. म्हणे विज्ञानानंसुद्धा भूत मान्य केलंय. मोबाईलवर येतं की आत्म्याचं वजन एकवीस ग्रॅम भरलं. ऊर्जा नष्ट होत नाही, म्हणून मेलेल्या माणसाची ऊर्जा वाऱ्यावर फिरत राहते. पूर्वी भगत देवाच्या नावानं सांगायचा, आता सुशिक्षित भगत विज्ञानाच्या नावानं सांगतो. मेलेल्याची ऊर्जा कुठं जाते हे मसणवट्यात उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. जाळलं तर आगीच्या धगीत जाते, पुरलं तर मातीतल्या किड्यांच्या पोटात. शिल्लक काही उरत नाही.

तेव्हा विज्ञानानं भुताचं काय केलं, ते नीट तारीखवार बघितलं पाहिजे. आणि तिथंच थांबूनही चालायचं नाही. कारण विलायतेत लोकांनी विचारलं, भूत आहे का? आपल्या गावगाड्यानं हे कधी विचारलंच नाही. त्यानं विचारलं, भूत कुणाचं? कोणत्या जातीचं? ह्या दोन प्रश्नांतच सगळी मेख आहे.

पहिल्यांदा विलायत.

३१ मार्च १८४८. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हाईड्सव्हिल नावाचं खेडं. तिथं फॉक्स नावाच्या कुटुंबात मार्गारेट आणि केट ह्या दोन लहान बहिणींनी सांगितलं, की घरात आत्मा ठकठक वाजवतो आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देतो. झालं. थोरल्या बहिणीनं त्यांचे जाहीर प्रयोग लावले, तिकीट लावलं. दहा वर्षांच्या आत अमेरिका आणि युरोपभर आत्मे बोलावण्याचं पेव फुटलं. चाळीस वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८८८ रोजी, हीच मार्गारेट न्यूयॉर्कच्या एका मोठ्या नाट्यगृहात उभी राहिली आणि तिनं सांगितलं की तो ठकठक आवाज आम्ही पायाच्या अंगठ्याच्या सांध्यातून काढत होतो. बोलून थांबली नाही, आवाज काढूनही दाखवला. पुढच्या वर्षी तिनं शब्द फिरवला, कारण ह्या धंद्याशिवाय तिच्यापाशी पोटाला काही नव्हतं. पण लोकांनी अंगठा ऐकला होता. दोघी बहिणी १८९२ आणि १८९३ साली दारिद्र्यात मेल्या. त्यांच्या नावावर पंथ उभा राहिला, पैसा दुसऱ्यांनी केला.

हेच वेड १८५३ साली लंडनात पोचलं. चांगली घरंदाज माणसं टेबलाभोवती बसायची, टेबलावर हात ठेवायची, आणि थोड्या वेळानं टेबल आपोआप सरकायला, फिरायला लागायचं. कुणी म्हणे आत्मा, कुणी म्हणे वीज, कुणी म्हणे सैतान. वीज म्हटल्यावर लोक एका माणसाला पत्रं पाठवून भंडावून सोडायला लागले. तो माणूस मायकेल फॅरडे.

फॅरडे कोण होता हे आपल्या पोरांना मुद्दाम सांगायला पाहिजे. लोहाराचा पोरगा. शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्या-मोजण्यापुरती. चौदाव्या वर्षी पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला. बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. सर हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकून त्यानं टिपणं काढली, ती स्वतः बांधून डेव्हीला दिली, आणि १८१३ साली प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. त्याच वर्षी डेव्हीबरोबर युरोपच्या प्रवासाला गेला, तर डेव्हीच्या बायकोनं त्याला घरगड्यासारखं वागवलं. आपल्याला हे वाचून नवल वाटत नाही. पण ह्याच माणसानं १८३१ साली चुंबकापासून वीज काढून दाखवली. आज जनित्र फिरतं, गिरणीची मशिनं चालतात, ती त्याच तत्त्वावर.

तर ह्या लोहाराच्या पोरानं टेबलाचं काय केलं बघा. त्यानं कुणाला खोटारडं म्हटलं नाही. बसणारी माणसं प्रामाणिक आहेत असं त्यानं धरून चाललं. पुठ्ठ्याचे तुकडे घेतले, एकावर एक ठेवले, मध्ये मऊ डिंकासारखं चिकट लावलं. म्हंजे तुकडे चिकटून राहतील, पण जोर लागला तर थोडे सरकतील. कडेला पेन्सिलीची रेघ मारून ठेवली आणि ती चळत टेबलावर ठेवून वर लोकांना हात ठेवायला सांगितलं. हिशेब साधा आहे. टेबल आपणहून हललं असेल तर खालचा पुठ्ठा आधी सरकेल आणि हात मागं राहील. हातानं टेबल ढकललं असेल तर वरचा पुठ्ठा आधी सरकेल. टेबल फिरलं. पुठ्ठे काढून बघितले. वरचे पुढं गेलेले होते. हात आधी हलला होता, टेबल मागून आलं होतं.

मग त्यानं आणखी एक साधन केलं. दोन पातळ फळ्या, मध्ये काचेच्या कांड्या, वर रबराचे पट्टे, आणि एक उभी काडी. हात जरासा एका बाजूला ढकलायला लागला की काडी कलते. काडी लपवून ठेवली तर टेबल हलायचं. काडी बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवली, म्हंजे आपला हात काय करतो ते त्याला दिसायला लागलं, की टेबल जागच्या जागी! आत्मा गेला कुठं?

हे त्यानं १८५३ च्या जून-जुलैमध्ये लंडनच्या टाइम्समध्ये आणि अथेनियम ह्या साप्ताहिकात छापलं. आणि समाजाची अशी मती करून ठेवणाऱ्या शिक्षणालाच त्यानं दोष दिला. माणूस खोटं न बोलता स्वतःला फसवू शकतो, त्याच्या मनातली इच्छा त्याला न कळत हातात उतरते, हे त्यानं दाखवलं. माझ्या मते भुतावरचं विज्ञानाचं सगळ्यात मोठं उत्तर हेच. हात कुणाचा आहे ते बघा.

आता कुणी म्हणेल, की मोठमोठे शास्त्रज्ञ भूत मानत होते त्याचं काय? खरं आहे, मानत होते. थॅलियम हे मूलद्रव्य १८६१ साली शोधणारा विल्यम क्रुक्स, त्यानं १८७४ साली जाहीर लिहिलं की फ्लॉरेन्स कुक नावाच्या मुलीच्या बैठकीत येणारी केटी किंग ही खरीच आत्मा आहे. सहा वर्षांनी, १८८० साली, ह्याच कुकबाईच्या बैठकीत दोघा प्रेक्षकांनी अंधारात फिरणारं भूत धरलं. हातात काय आलं? खुद्द कुकबाई! धातू माणसाला फसवत नाही, माणूस फसवतो. धातू तपासण्यात हुशार असलेला माणूस माणूस तपासण्यात हुशार असतोच असं नाही. शास्त्रज्ञ म्हणाला म्हणून ते विज्ञान होत नाही. पुन्हा पुन्हा तपासलं आणि तेच आलं तर विज्ञान.

एकवीस ग्रॅमचं तसंच. अमेरिकेतल्या डंकन मॅकडुगल नावाच्या डॉक्टरनं मरायला टेकलेली सहा माणसं खाटेसकट तराजूवर ठेवली आणि १९०७ साली ते छापलं. बहुतेक रोगी क्षयाचे होते, कारण क्षयाचा माणूस इतका गळून जातो की मरताना हलत नाही, तराजू स्थिर राहतो. (गरिबाचं मरण कशाकशाला उपयोगी पडतं!) सहापैकी दोन मोजमापं त्यानंच टाकून दिली. उरलेल्या चौघांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. फक्त एकाचं वजन एकवीस ग्रॅमच्या आसपास घटलेलं दिसलं. तो एक आकडा उचलून दुनिया शंभर वर्षं नाचते आहे. आमच्या सूत तोलणाऱ्यानं सहापैकी एक वजन बरोबर दिलं तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावर कुणी घेणार नाही.

म्हणजे उत्तर साफ आहे. विज्ञान भुताला आधार देत नाही. १८८२ साली लंडनात ह्याच कामासाठी विद्वानांची संस्था निघाली, तिला शंभरावर वर्षं झाली, एकही भूत प्रयोगशाळेत हजर झालं नाही. केरळात जन्मलेले आणि श्रीलंकेत वनस्पतिशास्त्र शिकवणारे अब्राहम कोवूर ह्यांनी १९६३ साली जाहीर केलं, की फसवणूक करता येणार नाही अशा अटींत जो कोणी अलौकिक शक्ती दाखवेल त्याला एक लाख रुपये. १९७८ साली कोवूर वारले. लाखावर हक्क सांगून जिंकणारा कुणी निघाला नाही.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. विज्ञान असं म्हणत नाही की तुम्हांला काही दिसलंच नाही. झोपेतून अर्धवट जाग येते, अंग लाकूड झालेलं असतं, छातीवर कुणी बसलंय असं वाटतं, ओरडायला जावं तर आवाज फुटत नाही. हे हजारो लोकांना होतं आणि ते खरंच होतं. स्वप्नाच्या झोपेत शरीर स्नायू सैल सोडून देतं, नाहीतर आपण स्वप्नातलं सगळं हातापायांनी करू. मेंदू जागा झाला आणि स्नायूंची गाठ सुटायची राहिली, तर असं होतं. रात्रपाळी करणाऱ्याची झोप मोडलेली असते, त्याला तर ते हमखास ओळखीचं.

विलायतेतल्या कॉव्हेंट्रीजवळ व्हिक टँडी नावाचा इंजिनिअर एका प्रयोगशाळेत काम करायचा. तिथं लोकांना थंडी भरायची, भीती वाटायची. एका रात्री त्याला डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी त्यानं तलवारीचं पातं शिकंजात धरलं होतं, ते आपोआप थरथरायला लागलं. शोध घेतला तर नवीन बसवलेला हवा ओढायचा पंखा. त्या पंख्याचा आवाज इतका खालच्या पट्टीचा, सेकंदाला १९ कंपनांच्या आसपास, की कानाला ऐकू येत नाही पण अंगाला जाणवतो. पंख्याची दुरुस्ती झाली, भूत गेलं. १९९८ साली त्यानं हे छापलं. पुढं २००९ साली लंडनातल्या संशोधकांनी मुद्दाम असली खोली बांधून बघितली, तर आवाजापेक्षा लोकांच्या मनाची आधीची तयारीच जास्त काम करते असं त्यांना दिसलं. म्हणजे पंख्यानं प्रत्येक भूत सुटत नाही. पण रिंग फ्रेमच्या खात्यात पाळी केलेल्याला हे वेगळं सांगायला नको. घरी येऊन पाठ टेकली तरी मशीन अंगात चालू असतं.

विलायतेचं हे वेड आपल्याकडंही आलं, आणि मुंबईच्याच वाटेनं आलं. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट ह्यांची थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ साली न्यूयॉर्कला निघाली आणि १८७९ साली मुंबईत आली. १८८२ साली तिनं मद्रासजवळ अड्यारला बस्तान हलवलं. तिथं हिमालयातले महात्मे हवेतून पत्रं टाकत. लंडनच्या त्याच संस्थेनं रिचर्ड हॉजसनला चौकशीला पाठवलं, आणि १८८५ साली अहवाल आला की ही लबाडी आहे. शंभर वर्षांनी, १९८६ साली, त्या अहवालातल्या हस्ताक्षराच्या पुराव्यावर एका जाणकारानं आक्षेप घेतले, हेही सांगितलं पाहिजे. आणि ह्याच ऑल्कॉटनं १८९४ साली अड्यारला परैया पोरांसाठी फुकट शाळा काढली, तेही सांगितलं पाहिजे. हवेतून पडलेल्या पत्रांपेक्षा ती शाळा जास्त खरी होती.

पण मला दिसतं ते दुसरंच. बंगल्यात इंग्रजीतून आत्मा आला तर त्याला अध्यात्म म्हणतात. पांढरपेशा घरात वाटी नाहीतर नाणं अक्षरांवरून फिरवलं तर ते प्लँचेट. आणि झोपडीत बाईच्या अंगात आलं की ती अडाणी! हात तोच, टेबल तेवढं वेगळं.

आता गावगाड्याकडं या.

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशकात गोळी घातली, तो लोकांच्या समजुती गोळा करायचा. शाळामास्तरांकडून उत्तरं मागवायचा. त्याच्या मरणानंतर एन्थोव्हेननं ती जुळवून १९१५ साली कोकणचा भाग छापला. त्यात भुतांची यादी आहे. ती यादी आपण भुतांची म्हणून वाचतो, खरं तर ती गावाची खानेसुमारी आहे. वेद शिकलेल्या गर्विष्ठ बामणाचं भूत ब्रह्मग्रह. मुंज झालेला बामणाचा पोरगा मेला तर मुंजा, तो पिंपळावर. लग्नानंतर मेलेला शूद्र, तो देवचार. आणि खवीस? तो मुसलमानाचा, नाहीतर महारा-मांगाचा.

घ्या! शरीर गेलं, हाड गेलं, कातडं गेलं, पोट गेलं. ज्याला शिवल्यानं विटाळ होतो ते काहीच उरलं नाही. जात मात्र उरली. पिंपळसुद्धा राखीव.

बायकांची यादी आणखी बघण्यासारखी आहे. पुरुषाचं भूत जातीवरून ओळखायचं, बाईचं भूत कुंकवावरून. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात नाहीतर विटाळात मेली तर हडळ. जिवंतपणी नवऱ्यावरून ओळख, मेल्यावरही नवऱ्यावरून. बाळंतपणात बाई का मेली, सुईणीचा विळा गंजका होता का, अंगात रक्त होतं का, हे कुणी विचारायचं नाही. ती मेली आणि वर हडळ झाली. मरणाचा गुन्हा मरणारीवरच.

फॅरडेची काडी इथं लावून बघा. भूत आपणहून हललं असतं तर त्याला काय ठाऊक गावाची उतरंड? ते गावाच्या उतरंडीप्रमाणंच हललं. म्हणजे हात गावाचा होता. माणसं खोटं बोलत होती असं मी म्हणत नाही. टेबलावर बसलेली माणसंसुद्धा प्रामाणिकच होती. पिढ्यान् पिढ्या मनात जे भरवलं, तेच हातात उतरलं.

आणखी एक पुरावा आहे, तो आमच्या घरचा आहे. गावात रात्री बाहेर पडायचं नाही, तिठ्यावर, ओढ्याला, चिंचेखाली, मसणवट्यात जायचं नाही, असा दंडक. मग गावात मयत झालं तर पाहुण्यांच्या गावाला सांगावा घेऊन रात्री कोण जात होतं? महार. सरणाची लाकडं कोण नेत होतं? महार. प्रेतावरचं कापड हक्काचं म्हणून कोण उचलत होतं? महार. वेशीची राखण, मेलेलं ढोर ओढणं, सरकारी वसुलाच्या सोबतीला चालणं, सगळं महार. ज्या आज्या-पणज्यांनी हयात काळोखात घालवली, त्यांना गावानं कधी विचारलं का, की बाबा तुला भ्या वाटत नाही का? नाही विचारलं. भ्या त्यांनाही वाटत असणार. पण त्यांच्या भ्याला रजा नव्हती. गावाचं भूत असं समजूतदार, की सांगावा पोचेपर्यंत ते वाट सोडून बसायचं! रात्रीचा महार चालायचा, दिवसाची त्याची सावली चालायची नाही.

मग हे भूत अजून का जात नाही? नुसतं अडाणीपण म्हणून सोडून देऊ नका. भगत वस्तीत राहतो, अर्ध्या रात्री उठतो, कोंबडी-नारळावर काम करतो. डॉक्टर कोसावर, आणि गेलं तर दाराला कुलूप. सासुरवाशिणीला घरात तोंड उघडायची सोय नाही; अंगात आलं की तीच बाई सासूला एकेरीत बोलते आणि घर हात जोडून ऐकतं. तेवढ्या घटकेपुरतं तिला माणूसपण मिळतं. पण त्याची किंमत पुढं तिच्याच पाठीवर वसूल होते.

किती वसूल होते? तामिळनाडूत एर्वाडीला दर्ग्याच्या आसऱ्यानं मनोरुग्णांना साखळदंडात ठेवायचे. ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे तिथल्या एका झापाला आग लागली. बांधलेल्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. त्यांना भुतानं मारलं नाही, साखळीनं मारलं.

महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्याविरुद्ध कायदा मागत वर्षानुवर्षं फिरले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, विठ्ठल रामजी शिंदे ह्यांच्या नावाच्या पुलावर, त्यांना गोळ्या घातल्या. अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी झिजलेल्या माणसाच्या नावाचा पूल, तोही रक्तानं भिजला. चार दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. २०२४ साली दोघांना जन्मठेप लागली. हा कायदा भूत मानायला बंदी करत नाही. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, टांगणं, वहाणा बुडवलेलं पाणी पाजणं, तोंडात घाण कोंबणं, ह्याला तो गुन्हा म्हणतो. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. वहाणेचं पाणी, तोंडात घाण! ही शिक्षा आपल्या ओळखीची नाही का? जी गावानं आम्हांला जिवंतपणी दिली, तीच त्यानं भुताला दिली.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात एक श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची आहे. ती नुसती खर्च वाचवायची प्रतिज्ञा नाही. मेलेल्याचं प्रेत होतं, त्याला विधी करून पितर करावं लागतं, आणि तो विधी एकाच जातीच्या हातून होतो, ही सगळी साखळी त्या एका वाक्यात तुटते. लंडनात फॅरडेनं टेबलावरचा हात दाखवला. नागपुरात बाबासाहेबांनी पिंडामागचा हात दाखवला आणि लाखो लोकांनी एका दिवसात तो झिडकारला.

तरीही आपल्या घरात, बुद्धाच्या फोटोखाली, अजून लिंबू कापलं जातं. हे बोललं पाहिजे, लाजून चालणार नाही. दोस्तांनो, उद्या वस्तीत कुणी म्हणालं की अमकीला भूत लागलंय, तर आहे-नाहीची चर्चा करत बसू नका. बघा की भूत कुणी सांगितलं, पैसा कुणाकडं गेला आणि मार कुणाला बसला. काडी आपोआप कलेल. आणि त्या बाईला दवाखान्यात न्या. दवाखान्याला कुलूप असेल तर तिथंच बसा, कुलूप निघेपर्यंत उठू नका.